पाटीवरची पदवी वाचायला शिका
सौंदर्य शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे शिक्षण किती असावे?

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. आजारी कोणीच नव्हते. मुलाने खिशातून घडी घातलेले एक रंगीत पत्रक काढून टेबलावर ठेवले. ‘एका दिवसात टक्कल गायब. टाका नाही, दुखणे नाही. हप्त्याची सोय.’ खाली शहरातल्या एका सेंटरचा पत्ता होता आणि डॉक्टरच्या नावापुढे मोठ्या अक्षरांत ‘कॉस्मेटिक सर्जन’ असे छापले होते.

“डॉक्टर, स्थळं यायला लागलीत आणि पोराचे केस पुढून गेलेत. हे करून घ्यायचं म्हणतोय. माणूस बरा आहे का, तेवढं सांगा,” वडील म्हणाले.

“माणूस बरा असेलही. पण त्याची डिग्री काय?” मी विचारले.

बापलेक दोघेही पत्रकाकडे पाहू लागले. पत्रकावर फोन नंबर तीन होते, आधीचे-नंतरचे फोटो सहा होते. डिग्री मात्र कुठेच नव्हती.

बैल विकत घेताना आपण त्याचे दात मोजतो, जमीन घेताना सातबारा पाहतो. पण ज्याच्या हातात आपला चेहरा द्यायचा, त्याची पदवी विचारायला आपल्याला संकोच वाटतो. या लेखात तीच माहिती घेऊ. सौंदर्य शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने काय शिकलेले असावे, आणि ते आपण कसे तपासावे?

प्लास्टिक सर्जरी आणि कॉस्मेटिक सर्जरी

पहिला गैरसमज नावाचा. प्लास्टिक सर्जरीत शरीरात प्लास्टिक बसवतात असे अनेकांना वाटते. हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला असून त्याचा अर्थ ‘आकार देणे’ असा आहे. कुंभार मातीला आकार देतो तसा. म्हणूनच मराठीत या शाखेला सुघटन शल्यचिकित्सा म्हणतात. भाजलेल्या त्वचेवर नवी त्वचा लावणे, दुभंगलेला ओठ व टाळू शिवणे, यंत्रात सापडून तुटलेले बोट जोडणे, कर्करोगाची गाठ काढल्यावर पडलेला खड्डा भरणे, ही सारी या शाखेची कामे.

याच शाखेचा एक भाग म्हणजे सौंदर्य शस्त्रक्रिया, म्हणजेच कॉस्मेटिक सर्जरी. यात रोग नसतो. नाकाचा आकार बदलणे, पोटाची चरबी काढणे, सैल पडलेल्या पापण्या ताणणे अशी कामे असतात. येथे एक मुद्दा लक्षात ठेवावा. आजारी माणसावर शस्त्रक्रिया करताना थोडा धोका पत्करावाच लागतो, कारण न करण्यातही धोका असतो. सौंदर्य शस्त्रक्रियेत माणूस चालत, हसत, धडधाकट येतो. त्याला धोका पत्करण्याची सक्ती कोणी केलेली नसते. म्हणून येथे डॉक्टरचे शिक्षण इतर ठिकाणांपेक्षा कमी चालेल असे नव्हे, उलट ते अधिक चोख हवे.

शिक्षणाची शिडी

आता पदव्यांचा हिशेब पाहू. एम.बी.बी.एस. म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप, एकूण साडेपाच वर्षे. माझी पदवी हीच. या शिक्षणात ताप, जुलाब, रक्तदाब, बाळंतपण, गळू फोडणे, जखम शिवणे हे शिकवतात. नाकाचा आकार बदलणे शिकवत नाहीत.

प्लास्टिक सर्जन व्हायचे तर त्यापुढे तीन वर्षे जनरल सर्जरीतील एम.एस. किंवा डी.एन.बी. करावे लागते. त्यानंतर पुन्हा प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षे प्लास्टिक सर्जरीतील एम.सी.एच. किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची तत्सम पदवी घ्यावी लागते. त्या मंडळाचा एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांचा मार्गही आहे. कसाही हिशेब केला तरी बारावीनंतर साडेअकरा वर्षे होतात, आणि मधल्या प्रवेश परीक्षांच्या तयारीचा काळ वेगळाच.

त्वचारोगतज्ज्ञ एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांची एम.डी. किंवा डी.एन.बी. करतात. दोन वर्षांच्या पदविकेचेही अनेक जुने-जाणते तज्ज्ञ आहेत. लेसर, मुरुमांचे खड्डे, पांढरे डाग, केसांचे विकार हा त्यांचा प्रांत. जबडा व चेहऱ्याच्या हाडांच्या शस्त्रक्रियेतील एम.डी.एस. झालेले दंतवैद्य जबड्याच्या शस्त्रक्रियेत तरबेज असतात. केसरोपणासारख्या कामांवर त्यांचा हक्क आहे की नाही, हा मात्र वादाचा विषय झालेला आहे. कान-नाक-घसातज्ज्ञ नाकाची आणि नेत्रतज्ज्ञ पापण्यांची शस्त्रक्रिया करतात, तीही त्यांच्या शिक्षणाच्या चौकटीत.

आता त्या पत्रकातला शब्द पाहा. ‘कॉस्मेटिक सर्जन’ या नावाची वेगळी पदवी या शिडीत कोठेही नाही. ते कामाचे वर्णन आहे. एम.सी.एच. झालेला प्लास्टिक सर्जनही स्वतःला कॉस्मेटिक सर्जन म्हणवतो आणि दोन दिवसांचे शिबिर करून आलेलाही म्हणवतो. पाटीवर दोघांची अक्षरे सारखीच दिसतात. फरक कळतो तो नावाखालच्या बारीक अक्षरांत.

हात बसल्याशिवाय शस्त्र नको

ही काही आजची पाश्चात्त्य कडक शिस्त नव्हे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माच्या सरावासाठी स्वतंत्र अध्याय आहे. ग्रंथ पाठ केलेला विद्यार्थीही प्रत्यक्ष सराव केल्याशिवाय कामाला लायक होत नाही, असे त्यात बजावले आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांच्यावर आणि शिवण्याचा सराव कापडावर व मऊ कातड्यावर करायला सांगितले आहे. गालाची त्वचा वळवून नाक घडवण्याची रीत ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात ही अट आहे.

आपल्या महाराष्ट्रातही या विद्येचा धागा आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा एक गाडीवान टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा-मातीचे काम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनला हे काम आपणही करावे असे वाटले. पण पत्रिका वाचली आणि दुसऱ्या दिवशी चाकू घेतला असे त्याने केले नाही. मृतदेहांवर सराव करून, योग्य रुग्णाची वाट पाहून त्याने पहिली शस्त्रक्रिया केली ती १८१४ साली, म्हणजे वीस वर्षांनी.

स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा देशातील पहिला स्वतंत्र विभाग नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केला. भाजलेली माणसे, तुटलेले हात, दुभंगलेले ओठ यांच्यावर काम करीतच तेथे पुढच्या पिढ्या शिकल्या. ‘नाक नीट करायचे तर भाजलेल्यांच्या वॉर्डात कशाला राबायचे?’ असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. त्वचेला रक्त कोठून येते, किती ताणली तर ती काळी पडते, काळी पडू लागली तर पहिल्या तासांत काय करायचे, हे त्या वॉर्डात कळते. सुंदर नाक करता येणे ही अर्धी विद्या झाली. बिघडलेले काम ओळखून सावरता येणे ही उरलेली अर्धी विद्या, आणि तिलाच वर्षे लागतात.

शनिवार-रविवारचे सर्जन

मलाही एक निमंत्रण आले होते. केसरोपण, बोटॉक्स आणि चेहऱ्यात भरायची इंजेक्शने, सारे दोन दिवसांत शिकवणार होते. शेवटी जेवण आणि चौकटीत लावायचे प्रमाणपत्र. ‘आपली प्रॅक्टिस दुप्पट करा’ असेही वर लिहिले होते. खोटे कशाला सांगू, रात्री जेवताना मी घरात तो कागद वाचून दाखवला. सर्दी-तापाच्या फीवर चालणाऱ्या दवाखान्याला असा मोह पडतो. आमच्यासारख्या डॉक्टरांनी काही नवे शिकूच नये असे माझे म्हणणे नाही. अशी शिबिरे मुळात त्या शाखेत शिकलेल्यांना नवी पद्धत दाखवण्यासाठी उपयोगाची असतात. पायाच नसलेल्याला ती इमारत देत नाहीत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केसरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत प्लास्टिक सर्जरीतील एम.सी.एच. वा डी.एन.बी. आणि त्वचारोगातील एम.डी. वा डी.एन.बी. यांचा उल्लेख आहे, कारण केसरोपण त्यांच्या अभ्यासक्रमातच येते. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून मिळालेले ज्ञान अशा शस्त्रक्रिया सुरू करायला पुरेसे नाही, असेही आयोगाने स्पष्ट केले. मदतनीस केसांची मुळे लावत असला तरी जबाबदारी डॉक्टरचीच राहते.

काही महिन्यांच्या ‘फेलोशिप’ आणि ‘कॉस्मेटॉलॉजी डिप्लोमा’ यांचे कागद भिंतीवर दिसतात. शिकण्यात गैर काही नाही, पण त्यातले किती कागद वैद्यक परिषदेच्या नोंदीत चढले आहेत ते विचारावे. तसेच ‘एन.ए.बी.एच.’ किंवा ‘आय.एस.ओ.’ हे शिक्के रुग्णालयाच्या व्यवस्थेचे असतात. तेथली स्वच्छता, नोंदी, कामाची पद्धत यांची ती पारख असते. चाकू धरणाऱ्या हाताची ती पदवी नव्हे.

माझी एक चूक

इतके सांगितल्यावर माझी चूकही सांगितली पाहिजे. आमच्या गावातले एक शिक्षक माझे जुने स्नेही. त्यांची मुलगी लहानपणी उकळता चहा सांडून भाजली होती. हनुवटीच्या खाली मानेवर एक जाड, तांबूस, उंच वण राहिला होता. लग्न ठरायच्या सुमारास गुरुजींनी मला विचारले, “डॉक्टर, काही होईल का हो?” शहरातल्या एका सेंटरचे गुळगुळीत पत्रक माझ्या टेबलावर पडले होते. मी त्यावरचा पत्ता लिहून चिठ्ठी दिली.

त्या सेंटरमध्ये वण कापून टाके घालण्यात आले. महिनाभर मान सपाट दिसली. घरात पेढे वाटले गेले. चौथ्या महिन्यात वण पुन्हा वर आला, तो पहिल्यापेक्षा रुंद आणि खाजणारा. अशा वणाला किलॉइड म्हणतात. मूळ जखमेची हद्द ओलांडून तो वाढतो. नुसता कापला तर बहुधा पुन्हा येतो, आणि कित्येकदा मोठा होऊन येतो. त्यात स्टिरॉइडची इंजेक्शने, सिलिकॉनची पट्टी, दाब आणि काही वेळा शस्त्रक्रियेनंतर लगेच किरणोपचार अशी जोड द्यावी लागते. त्वचारोगाच्या किंवा प्लास्टिक सर्जरीच्या निवासी डॉक्टरला हे पहिल्या वर्षात शिकवतात. चौकशी केल्यावर कळले, त्या सेंटरमधले डॉक्टर माझ्यासारखेच एम.बी.बी.एस. होते, सोबत एक अल्पमुदतीचे प्रमाणपत्र.

मुलगी माझ्यासमोर बसली होती. रागावली नव्हती. तिने एवढेच विचारले, “काका, तुम्ही त्यांची डिग्री बघितली होती का?”

मी बघितली नव्हती. पुढे मेडिकल कॉलेजच्या प्लास्टिक सर्जरी विभागात दीड वर्ष उपचार घेऊन तिचा वण खाली बसला, पण पूर्ण गेला नाही. लग्न मात्र झाले आणि सुखाचे झाले. त्या दिवसापासून पदवी पाहिल्याशिवाय मी कोणालाही चिठ्ठी देत नाही.

‘नुसते इंजेक्शन’ आणि इतर धोके

या कामांत नेमके काय बिघडू शकते, तेही जाणून घ्या.

भूल : केसरोपणात डोक्याची त्वचा बधिर करायला बहुधा लिग्नोकेन वापरतात. दोन टक्क्यांच्या द्रावणात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम औषध असते. ६० किलो वजनाच्या माणसाला साध्या लिग्नोकेनची मर्यादा साधारण २७० मिलिग्रॅम, म्हणजे साडेतेरा मिलिलिटर. अॅड्रेनलिन मिसळले तर ती वाढते. काम सहा-आठ तास चालते आणि बधिरपणा ओसरला की पुन्हा सुई टोचतात. हिशेब चुकला तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. शिवाय कोणत्याही औषधाची तीव्र अॅलर्जी येऊ शकते. तेव्हा ऑक्सिजन, अॅड्रेनलिनचे इंजेक्शन आणि ते तत्काळ देणारा माणूस जवळ हवा. २०१९ मध्ये मुंबईत, २०२१ मध्ये दिल्लीत आणि २०२५ मध्ये कानपूरमध्ये केसरोपणानंतर मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. ही शस्त्रक्रिया केलेले बहुतेक लोक सुखरूप घरी जातात. पण टकलासाठी एकही जीव जाणे परवडणारे नाही.

चरबी काढणे : पोट किंवा मांडीतली चरबी नळीने ओढून काढतात. हा वजन कमी करण्याचा उपाय नव्हे. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त काढणे हे मोठे काम समजले जाते. नळी चुकीच्या थरात गेल्यास आतड्याला इजा होते. चरबीचे कण रक्तात शिरून फुप्फुसात अडकू शकतात. म्हणून हे काम भूलतज्ज्ञ हजर असलेल्या रुग्णालयातच व्हावे, ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत नव्हे.

चेहऱ्यात भरायची इंजेक्शने : सुरकुत्या व खळगे भरण्यासाठी फिलर टोचतात. सुई चुकून धमनीत गेली तर तेथली त्वचा मरते. नाक व कपाळाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असल्याने दृष्टी गेल्याचीही उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत आहेत. बोटॉक्स चुकीच्या जागी गेले तर पापणी काही आठवडे पडून राहते. ‘नुसते तर इंजेक्शन आहे’ हे वाक्य म्हणूनच फसवे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या राज्यात अॅलोपॅथीच्या डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. पुढची पदवी घेतली तर तीही नोंदवावी लागते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक असला पाहिजे. त्या शाखेची खास पदवी नसताना तज्ज्ञ असल्याचा दावा करता येत नाही. रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करण्यासही ती संहिता मनाई करते. म्हणजे ते रंगीत पत्रक हीच पहिली शंका घेण्याजोगी गोष्ट.

तरीही कायद्यात एक पोकळी आहे. एम.बी.बी.एस. डॉक्टरने कोणती शस्त्रक्रिया करावी आणि कोणती करू नये, याची तपशीलवार यादी कायद्यात दिलेली नाही. वचक आहे तो न्यायालयांचा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की जे कौशल्य आपल्याकडे आहे असे डॉक्टर सांगतो ते त्याच्याकडे नसणे हाही निष्काळजीपणाच. पण न्यायालयाचा दरवाजा इजा झाल्यावर ठोठवायचा असतो. भरपाईने वण जात नाही.

ऑस्ट्रेलियात अशा तक्रारी वाढल्यावर २०२३ मध्ये नियम कडक करण्यात आले. ‘सर्जन’ हे नाव आता तेथे शस्त्रक्रिया, स्त्रीरोग-प्रसूती किंवा नेत्र या शाखांत तज्ज्ञ म्हणून नोंदलेल्या डॉक्टरलाच लावता येते. मोठ्या सौंदर्य शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला आपल्या नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी आणावी लागते. संमतिपत्रावर सही केल्यावर किमान सात दिवस विचाराला द्यावे लागतात, अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तीन महिने.

आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल. पण यातल्या दोन गोष्टी पाळायला आपल्याला कोणाची आडकाठी आहे? घरच्या डॉक्टरला आधी विचारणे आणि आठ दिवस थांबणे. दोन्ही फुकट आहेत. ‘आजच पैसे भरले तर निम्मी सूट’ असे कोणी म्हणाले, तर ती सूट तुमचा विचार करण्याचा वेळ विकत घेण्यासाठी असते.

जाण्यापूर्वी हे विचारा

१. आपली पदवी कोणती, कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची? हे नम्रपणे विचारावे. खरा शिकलेला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

२. नोंदणी क्रमांक काय? नाव व क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येतो. तेथे पुढची पदवी नोंदलेली आहे का ते पाहावे. संगणक जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलाची मदत घ्यावी.

३. शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार? पाटीवर एकाचे नाव आणि टेबलाशी दुसराच, असे होता कामा नये.

४. भूल कोण देणार? भूलतज्ज्ञाचे नाव विचारून लिहून घ्यावे.

५. अचानक काही झाले तर कोठे हलवणार? अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय किती अंतरावर आहे?

६. फायदे, धोके, पर्याय आणि खर्च मराठीत लिहिलेल्या संमतिपत्रात आहेत का? न वाचता सही करू नये. वापरलेल्या औषधांची नावे आणि पक्की पावती घ्यावी.

७. महिन्यानंतर, सहा महिन्यांनंतर तपासणीला कोण भेटणार? फिरत्या शिबिरात येऊन जाणारा डॉक्टर सहाव्या महिन्यात सापडत नाही.

भाजल्याचे वण, आखडलेली बोटे, दुभंगलेले ओठ यांसाठी तर सेंटर शोधत हिंडूच नये. मुंबईतील केईएम, सायन, नायर व जे.जे. रुग्णालयांत आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले प्लास्टिक सर्जन आहेत. अशा काही उपचारांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळते. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

शेवटी एक. चांगले दिसावे असे वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. वणामुळे पदराआड मान लपवणारी मुलगी किंवा टोपी न काढणारा तरुण यांचे दुःख खरे असते. त्यांची थट्टा करणारे आपणच त्यांना लपूनछपून त्या पत्रकाच्या पत्त्यावर धाडतो. घरात मोकळेपणी बोलणे झाले तर चौकशीही मोकळेपणी होते.

त्या शेतकऱ्याच्या मुलाने दुसऱ्या दिवशी सेंटरला फोन करून पदवी विचारली. “तुम्ही या तर, मग सांगतो,” असे उत्तर मिळाले. तो गेला नाही. मी त्याला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले, अर्थात त्यांची पदवी पाहून. त्यांनी तूर्त औषध सुरू केले असून केसरोपणाचा विचार वर्षभराने करू असे सांगितले आहे. परवा वडील पुन्हा आले होते, खोकल्यासाठी. तपासून झाल्यावर जाता जाता त्यांनी माझ्या टेबलामागच्या भिंतीकडे पाहिले आणि चौकटीतले माझे नोंदणी प्रमाणपत्र शांतपणे वाचले. मला फार बरे वाटले.

(पुढील आठवड्यात : उन्हाळी लागणे व लघवीची जळजळ)